एक बॅग चढली, दोन थांबवल्या: आईला रक्त किती द्यायचं हे ठरतं कशावर?

द्राक्षवेल_तासगाव

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबेल.

आई ६३ वर्षांची. तासगाव तालुक्यात आमचं गाव, घरची द्राक्षबाग आहे आणि ती अजून रोज बागेत जाते. गेले दोन महिने तिला थोडं चाललं तरी दम लागत होता. "वय झालं आता," असं ती म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणायचो. त्याचं आता फार वाईट वाटतंय. मागच्या सोमवारी बागेतच चक्कर येऊन खाली बसली. भावानं सांगलीला एका खाजगी दवाखान्यात आणलं. हिमोग्लोबिन ६.९ निघालं. लगेच चिठ्ठी हातात आली, पीसीव्हीच्या (म्हणजे लाल पेशींच्या) तीन बॅग आणा.

रात्री साडेदहाला भाऊ, चुलतभाऊ आणि मेव्हणा रक्तपेढीत, भावानं तिथं रक्तही दिलं. एक बॅग रात्रीच चढवली. सकाळी पुन्हा तपासलं तर ७.८. तेवढ्यात दुसऱ्या फिजिशियन मॅडम राउंडला आल्या. आईजवळ बसून बराच वेळ बोलल्या, नाडी-बीपी बघितलं, डोळ्यांच्या आतल्या कडा बघितल्या, तिला वॉर्डमध्ये चालवलं. आणि म्हणाल्या, उरलेल्या दोन बॅग आता द्यायच्या नाहीत, लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून देऊ.

आता घरात वाद सुरू आहे. मामांचं म्हणणं, "पहिल्या डॉक्टरनं तीन सांगितल्या होत्या, दहाच्या वर न्यायचं म्हणाले होते. मग अर्ध्यावर कशाला सोडलं?" आई अजून थकलेलीच आहे, त्यामुळं मला उत्तर देता येत नाही. सहाला देतात, आठला देतात, कुणाला दहा असतानाही देतात. हे ठरतं कसं? जाणकारांनी सांगावं.

शिराळकर

ताई, माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी ८.४ असताना दोन बाटल्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसला, चहा मागितला. तुमच्या आईंचं तर ७.८ आहे. मी असतो तर थांबवू दिलं नसतं. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

भूलतज्ज्ञ_मिरज

मी मिरजेत भूल आणि अतिदक्षता विभागात वीस वर्षं काम करतोय. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळं त्यांच्या डॉक्टरांच्या जागी बसून बोलणार नाही. पण प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हा 'दहा' कुठून आला ते. १९४२ मध्ये अ‍ॅडम्स आणि लंडी या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी लिहिलं की ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर रक्त देणं बरं. त्याच्या जोडीला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ३० टक्के. हा 'दहा-तीस'चा नियम पुढं चाळीसएक वर्षं जगभर वापरला गेला. मीही शिकताना सीनियरांकडून तोच ऐकला. त्यामागं अनुभव होता, पण दोन गट करून, मोजून पाहिलेलं नव्हतं.

मोजून पाहिलं ते कॅनडात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अतिदक्षता विभागातले ८३८ रुग्ण होते. एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला १० च्या खाली गेल्यावर. तीस दिवसांत पहिल्या गटात १८.७ टक्के दगावले, दुसऱ्यात २३.३ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतपतच होता, पण कमी रक्त दिल्यानं माणसं जास्त दगावतात ही भीती त्यातून गेली. २०१३ मध्ये बार्सिलोनात पोटातून रक्तस्राव होणाऱ्यांवर असंच पाहिलं, ७ विरुद्ध ९. तिथं तर हात आखडता घेतलेल्या गटात जास्त लोक वाचले, सहा आठवड्यांनी ९५ टक्के विरुद्ध ९१ टक्के. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या वयस्कर, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या २०१६ रुग्णांवर ८ विरुद्ध १० असं पाहिलं. साठ दिवसांनी कोण जिवंत आहे आणि कोण आधाराशिवाय खोली ओलांडून चालतंय, यात फरक दिसला नाही.

म्हणून आज साधारण असं धरतात: ज्याची नाडी-बीपी स्थिर आहे आणि रक्त वाहत नाहीये अशा दाखल रुग्णात ७ च्या खाली गेलं की रक्ताचा विचार. हृदयाच्या ऑपरेशनला ७.५. हाडांच्या ऑपरेशनला, किंवा आधीपासून हृदयविकार असेल तर ८. यात 'विचार' हा शब्द महत्त्वाचा. सातच्या खाली आला म्हणून द्यायलाच हवं असं नाही, आणि सातच्या वर आहे म्हणून कधीच नाही असंही नाही.

आता आपल्या भागातलं उदाहरण देतो. लाल पेशी म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या समजा, माल म्हणजे प्राणवायू. ट्रॉल्या हळूहळू कमी होत गेल्या तर ट्रॅक्टर खेपा वाढवतो, म्हणजे हृदय जास्त काम करतं. शिवाय प्रत्येक ट्रॉली पोचल्यावर माल जास्त रिकामा करून येते. शरीर हे आठवडे-महिने घेऊन शिकतं. म्हणूनच आपल्याकडच्या कितीतरी बायका ७ वर स्वयंपाक, भांगलण, धुणं सगळं करत असतात आणि कुणाला कळतही नाही. हे चांगलं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण अशा बाईला रात्रीतून १० वर नेण्यात फायदा थोडा आणि जोखीम जास्त.

आईंना उभं राहून चक्कर आली होती, दम लागत होता, आकडा ६.९ होता. पहिली बॅग दिली ती मला योग्य वाटते. एक देऊन पुन्हा रुग्ण बघायचा, हीच आजची पद्धत. दुसऱ्या मॅडमनी नेमकं तेच केलं. एक बॅग साधारण १ ग्रॅमनं वाढवते, तुमच्याकडं ०.९ वाढलं. हिशेब बरोबर आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ६३ वर्षांच्या, पाळी थांबलेल्या बाईचं रक्त गेलं कुठं? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? गुडघेदुखीच्या किंवा कंबरदुखीच्या गोळ्या घेतात का? दुर्बिणीची तपासणी कुणी सांगितली का?

द्राक्षवेल_तासगाव

डॉक्टर, मनापासून आभार. मामांना वाचून दाखवते. फेरिटिन (साठलेलं लोह) ५ आलंय, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६२. वजन ५२ किलो. गोळ्यांचं आज रात्री विचारते, ती स्वतःहून सांगत नाही. दुर्बिणीचं अजून कुणी बोललेलं नाही.

भूलतज्ज्ञ_मिरज

फेरिटिन ५ म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. ५२ किलो वजन, ७.८ वरून १५ पर्यंतचा हिशेब आणि कोठार भरायला ५०० धरले तर साधारण १४०० मिलिग्रॅम लोह लागतं. रक्ताच्या एका बॅगेतून २०० ते २५० मिलिग्रॅम मिळतं, तेही त्या पेशी पुढच्या तीन-चार महिन्यांत मोडत जातील तसं. शिरेतून द्यायचं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचं लोहाचं औषध मिळतं, त्याचे एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतात, उरलेले आठवड्यानं. तीन-चार आठवड्यांत दीड-दोन ग्रॅम तरी वाढायला हवं. आई अजून थकलेल्या आहेत कारण लोहाची कमतरता स्नायूंनाही जाणवते. हे मामांना आवर्जून सांगा.

सिस्टर_विश्रामबाग

मी वॉर्डमध्ये अठरा वर्षं काढलीत. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, पण एक रात्र विसरता येत नाही.

चाळीस-बेचाळीस किलोची आजी. हिमोग्लोबिन ६ च्या आसपास, तेही कित्येक महिन्यांचं. नातेवाईकांचा आग्रह, सकाळी घरी जायचंय, आजच सगळं देऊन टाका. एकापाठोपाठ दोन बॅगा, मध्ये लघवीचं इंजेक्शन नाही. दुसरी अर्धी झाली आणि आजी उठून बसल्या, झोपवेना, छातीत घरघर, ओठ निळे. फुप्फुसात पाणी भरलं होतं. रक्त गटाला बरोबर जुळलेलं होतं, फक्त म्हाताऱ्या हृदयाला एवढं एकदम पेललं नाही. ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळी रात्र. वाचल्या. पण त्यांना ती दुसरी बॅग त्या रात्री लागतच नव्हती, हे मला आजही टोचतं.

म्हणून नातेवाईकांना हात जोडून सांगते. पहिली पंधरा मिनिटं आम्ही रक्त हळू सोडतो आणि शेजारी उभं राहतो, तेव्हा "सिस्टर, जरा फास्ट करा" म्हणू नका. थंडी वाजली, पाठीत किंवा कमरेत दुखलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर आधी हाक मारा, घरी फोन नंतर. बॅग गार आहे म्हणून काखेत धरू नका, गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नका, पेशी फुटतात.

रक्तपेढीतला_माणूस

सिस्टरांना पूर्ण अनुमोदन. आमच्या खिडकीवर रोज जे बघतो ते लिहितो.

लाल पेशींची बॅग २ ते ६ अंशांत ठेवावी लागते, चांगल्या द्रावणात ४२ दिवस टिकते. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू व्हावी आणि चार तासांत संपावी. लोक काय करतात, तीन बॅगांची चिठ्ठी असली की तिन्ही एकदम घेऊन जातात. पिशवीत घालून, मोटरसायकलच्या हँडलला लटकवून. एक लागते, दोन वॉर्डमधल्या साध्या फ्रिजमध्ये औषधांशेजारी पडतात आणि नंतर परत आणतात. ती आम्ही पुन्हा कुणाला देऊ शकत नाही. कुणीतरी हात पुढं करून दिलेलं रक्त वाया जातं. एक-एक न्या. क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, आम्ही राखून ठेवतो, गरज लागली की लगेच देतो.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, शिबिरं बंद, कपाट रिकामं. आणि जयंत्या आल्या की एका आठवड्यात पाच शिबिरं. ४२ दिवसांनी तेही संपतं. एका रुग्णाला न लागणारी बॅग वाचली तर अपघातातल्या दुसऱ्याला मिळते, हे आम्हाला समोर दिसतं.

अजून एक, द्राक्षवेल ताईंच्या भावानं रक्त दिलं म्हणून लिहितो. "आमच्याच माणसाचं रक्त आम्हालाच द्या" असा हट्ट खूप जण करतात. सख्ख्या नात्यातलं रक्त जास्त चांगलं असतं हा गैरसमज आहे. उलट जवळच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या टिकून राहतात आणि रुग्णावरच उलटतात. फार क्वचित होतं, पण झालं तर जवळजवळ कुणी वाचत नाही. म्हणून तसं रक्त द्यायचंच असेल तर आधी त्यावर विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, करावा लागतो. आणि मुलं व्हायची आहेत अशा बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो देऊ नये. तिच्या अंगात त्याच्या पेशींविरुद्ध द्रव्यं तयार झाली तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो.

द्राक्षवेल_तासगाव

मेव्हण्यानं हेच विचारलं होतं, भावाचंच आईला दिलं का म्हणून. रक्तपेढीनं दुसरं दिलं म्हणून तो चिडलाही होता. आता त्याला हा प्रतिसाद पाठवते.

कडेगावची_लेक

मला इथं दुसरी बाजू मांडायची आहे, कारण हा धागा वाचून कुणी "सातच्या वर आहे, नको" असं धरून बसायला नको.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण. बाळ झालं, वार पडली आणि रक्त थांबेना. त्याआधी तासाभरापूर्वीचं हिमोग्लोबिन १०.२. मी दारात रिपोर्ट हातात धरून म्हणत होते, रक्त चांगलं आहे तिचं. डॉक्टरबाईंनी रिपोर्टकडं बघितलंही नाही. नाडी १३०, हातपाय गार. त्यांनी दोन बॅगा लगेच सुरू केल्या, अजून चार मागवल्या, एकीकडं गर्भाशय दाबून धरलं होतं. आकड्याची वाट बघितली असती तर बहीण आज नसती. तिची पोर आता तीन वर्षांची आहे.

भूलतज्ज्ञ_मिरज

कडेगावच्या ताई, फार मोलाचं लिहिलंत. त्या डॉक्टरबाईंनी अगदी योग्य केलं.

हंड्यात ताक आहे. अर्धं सांडलं तर उरलेलं पातळ होतं का? घट्टपणा तोच राहतो. अचानक रक्त गेल्यावर हिमोग्लोबिनचं तसंच असतं. पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच जातात, म्हणून सुरुवातीला आकडा खोटा धीर देतो. सलाईन गेलं, शरीरानं आपलं पाणी रक्तात ओढलं, की मग तो घसरतो. म्हणून बाळंतपणातला रक्तस्राव, अपघात, रक्ताच्या उलट्या यांत आम्ही नाडी, बीपी, लघवी, हातपायांचा गारवा आणि किती रक्त गेलं ते बघतो. मी वर लिहिलेले ७-८ चे उंबरठे वाहत्या रक्ताला लागू नाहीत.

शिराळकर, तुमच्या वडिलांना हृदयाचा त्रास होता का?

शिराळकर

हो डॉक्टर. त्याच वेळी अ‍ॅटॅक आला होता, मूळव्याधीमुळं रक्त कमी होतं. म्हणून ८.४ ला दिलं होतं का?

भूलतज्ज्ञ_मिरज

बहुतेक त्याचमुळं. तिथं ट्रॅक्टरच दमलेला असतो, ट्रॉल्या कमी झाल्या म्हणून खेपा वाढवता येत नाहीत. २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, हार्ट अ‍ॅटॅक आणि पंडुरोग (रक्त कमी असणं) दोन्ही असलेले ३५०४ रुग्ण. एका गटात ७-८ पर्यंत थांबले, दुसऱ्यात १० च्या वर ठेवलं. तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा अ‍ॅटॅक पहिल्या गटात १६.९ टक्के, दुसऱ्यात १४.५. फरक पक्का सिद्ध झाला म्हणावा इतका नाही, पण कल जास्त रक्ताकडं आहे. अशा रुग्णात मी स्वतः ८ ला अडून बसत नाही. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांचा निर्णय बरोबर होता, आणि द्राक्षवेल ताईंच्या मॅडमचाही. रुग्ण वेगळे आहेत.

शिराळकर

समजलं. ताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

विट्याची_सून

मला सातवा महिना आहे, हिमोग्लोबिन ७.६. सासूबाई म्हणतात दोन बाटल्या रक्त चढवून घे, बाळंतपणाला ताकद येईल. काय करू?

भूलतज्ज्ञ_मिरज

गरोदरपणात ७ ते ९.९ हा मध्यम पंडुरोग. सातव्या महिन्यात अजून वेळ हातात आहे, तुम्हाला शिरेतून लोह देता येतं का हे याच आठवड्यात तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. थांबू नका. शेवटच्या तिमाहीत ७ च्या खाली गेलं तर दाखल व्हावंच लागतं, आणि ५ च्या खाली कुठल्याही महिन्यात. बाळंतपण अगदी तोंडावर आणि रक्त फार कमी असेल तर रक्त देतात, कारण लोहाला काम करायला वेळ उरत नाही. सासूबाईंची काळजी खरी आहे, तपासणीला त्यांनाही बरोबर न्या.

जतचा_बाप

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीर नीट रक्त बनवू न शकण्याचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी पहाटेची एसटी धरून त्याला मिरजेला आणतो.

आमच्याकडं गणित उलटं आहे. रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन ९ ते १०.५ च्या दरम्यान राखायचं असं डॉक्टरांनी समजावलंय. सातपर्यंत थांबलो तर त्याची हाडं, चेहरा, वाढ बिघडते, कारण शरीर स्वतःच खराब रक्त बनवत बसतं. एकदा नव्या ठिकाणी गेलो तर तिथल्या ड्युटीवरच्या मुलानं सांगितलं, "८.८ आहे, अजून लागत नाही, पुढच्या आठवड्यात या." मी रडकुंडीला आलो होतो. शेवटी त्याच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं तेव्हा मिळालं.

इतक्या रक्तातून लोह साठतं, ते काढायला रोज वेगळी गोळी. तुमच्या आईंना लोह कमी आणि माझ्या पोराला जास्त, दोघांनाही रक्तच लावलेलं. लग्न ठरवताना पोरापोरींची एचबीए२, म्हणजे थॅलेसेमियाची, तपासणी करा एवढंच सांगतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि जे शिबिरात रक्त देतात त्यांना माझा नमस्कार. माझं पोर शाळेत जातं ते तुमच्यामुळं.

रक्तपेढीतला_माणूस

दादा, पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी रक्तपेढीत फोन करून ठेवा. अशा मुलांसाठी ताज्या बॅगा आम्ही बाजूला काढतो, म्हणजे जास्त दिवस पुरतात. त्याचं जुनं क्रॉसमॅचचं कार्ड दर वेळी बरोबर आणा. वारंवार रक्त घेणाऱ्यांत परक्या पेशींविरुद्ध नवीन द्रव्यं तयार होतात, मग जुळणारी बॅग शोधायला वेळ लागतो.

द्राक्षवेल_तासगाव

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

आईनं शेवटी कबूल केलं. गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणायची, तीन वर्षं, कधी दिवसाला दोन. डबा गव्हाच्या कोठीमागं ठेवलेला. शौचाला काळं व्हायचं तेही माहीत होतं, पण "असलं कुणाला सांगायचं," म्हणून गप्प राहिली. मिरजेत तोंडातून दुर्बीण घातली, जठरात अल्सर निघाला. तुकडा तपासला, त्यात वाईट काही नाही. आतड्याचीही तपासणी केली, ती साफ आहे. गोळ्या बंद, अल्सरचं औषध चालू. लोहाचे दोन डोस झाले, १००० आणि ५००. डॉक्टर, तुम्ही तो गोळ्यांचा प्रश्न विचारला नसता तर आम्ही रक्त देत बसलो असतो आणि ते खालून जात राहिलं असतं.

परवाचं हिमोग्लोबिन १०.३. मामांनी रिपोर्ट दोनदा वाचला. काल आई बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली, मध्ये न बसता.

सिस्टर_विश्रामबाग

वाचून डोळे भरून आले. त्या गोळ्यांचा डबा घरातून टाकून दिलात ना?

द्राक्षवेल_तासगाव

भावानं त्याच दिवशी टाकला. गुडघ्यांसाठी पुढच्या मंगळवारी दाखवायचंय, या वेळी मी स्वतः बरोबर जाणार आहे.